आपल्यानंतरचे दान : प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला, एक शिलालेख सापडला आहे. देवळे आणि धर्मकार्ये यांच्यासाठी केलेल्या तरतुदींची त्यात नोंद आहे. आपल्याकडच्या जुन्या दानलेखांच्या शेवटी बहुधा एक शापवचनही कोरलेले असते. हे दान जो मोडेल त्याचे वाईट होईल, असा त्याचा आशय. हजार वर्षांपूर्वीच्या दात्याला पडलेला प्रश्न साधा होता. मी गेल्यावर हे काम चालू राहील का? दगड टिकाऊ म्हणून त्याने दगडावर लिहिले, आणि राखायला कोणी उरणार नाही या भीतीने शाप जोडला. आज आपल्या हाताशी मृत्युपत्र आहे, न्यासपत्र आहे, नोंदणी कार्यालय आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. प्रश्न मात्र तोच आहे, आणि या पुस्तिकेत त्याच प्रश्नाचा विचार आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना द्यायला शिकवावे लागत नाही. गावात सप्ताह बसला की वर्गणीची पावती घरोघरी फाटते आणि पंगतीचा एकेक दिवस एकेका घराने आधीच धरलेला असतो. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातला लंगर जातधर्म न विचारता चालतो. दर्गे आणि मशिदींसाठी वक्फ झालेल्या जमिनींची परंपराही इथे जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली, त्यानंतर या भागाने ज्या संस्था उभ्या केल्या त्यांच्यामागेही देणारे हात होते. नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झाले. लातुरात दयानंद शिक्षण संस्था १९६१ची, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चे. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू केले. लोकांनी दिलेला पैसा, जागा आणि वेळ यांवाचून अशी कामे पुढे गेली नसती.

मग उणीव कशाची आहे? आपले देणे बहुतेक वेळा प्रसंगाचे असते. समोर कोणी उभे राहिले, संकट आले, उत्सव आला, की आपण देतो. आपल्यामागे काय द्यायचे, कोणाला द्यायचे आणि ते कोणी सांभाळायचे, हे आपण लिहून ठेवत नाही.

प्रसंगाच्या दानाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही या भागाने १९९३ मध्ये जवळून पाहिल्या. ३० सप्टेंबरची ती पहाट गणेश विसर्जनानंतरची. किल्लारी आणि आसपासची गावे झोपेत असताना भूकंपाने कोसळली आणि लातूर-धाराशिव परिसरातली जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर देशभरातून आणि देशाबाहेरून मदतीचा ओघ लागला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांतली अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेऊन बांधली. ते काम मोठे होते आणि त्याबद्दलची कृतज्ञता इथल्या माणसाच्या मनातून जाणार नाही. पण घराची चावी दिली की घर बांधून देणाऱ्याचे काम संपते. पुढची दुरुस्ती, वाढते कुटुंब, पाणी, मुलांचे शिक्षण यांची तरतूद त्या देणगीत असेलच असे नाही.

जी कामे पुढे टिकली ती पाहण्यासारखी आहेत. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला नेले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी ‘आपलं घर’ उभे करून पोरक्या मुलांना आसरा दिला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुनर्बांधणीत उभे केले, आणि भूकंपाची मदत संपल्यावरही त्या स्त्रियांचे संघटन चालू ठेवले. या तिन्ही ठिकाणी पैशाबरोबर एक टिकणारी व्यवस्था आली होती. पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही ‘त्या मुलाचे पुढे काय झाले’ असे विचारणारे कोणीतरी होते. मृत्युपत्रातल्या दानाला नेमकी हीच गोष्ट लागते, कारण तिथे विचारणारा दाता स्वतः नसतो.

हा विषय आजच महत्त्वाचा का, याचे कारण आपल्या घरांत आहे. मराठवाडा मुक्त झाल्यावर शिकलेली, नोकरीला लागलेली, दुकान टाकून किंवा दवाखाना काढून स्थिरावलेली पिढी आता साठी-सत्तरी-ऐंशीत आहे. शिक्षक, बँक कर्मचारी, अभियंते, डॉक्टर, मोंढ्यातले अडते, बागायतदार यांतल्या कित्येकांच्या आईवडिलांनी मागे कर्ज आणि दोन-चार एकर कोरडवाहू ठेवले होते. मिळाले त्याहून अधिक मागे ठेवून जाणारी, संख्येने एवढी मोठी, ही या भागातली पहिली पिढी. तिची मुले शिकली आणि पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. त्यांची घरे तिकडे झाली. काही लिहून ठेवले नाही तर इथला प्लॉट विकला जाईल, ठेवी मोडल्या जातील आणि पैसा मुलांच्या गावी जाईल. त्यात मुलांचा दोष नाही. मुलांचा वाटा मुलांना मिळावाच. पण ज्या शाळेने, ज्या बाजारपेठेने, ज्या गावाने हे सारे मिळवून दिले, त्या गावाचाही एक वाटा धरावा, आणि तो वाटणीच्या आधी धरावा. मला या प्रस्तावनेत मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

वाटा धरणे म्हणजे तो कागदावर आणणे. ‘माझ्यामागे शाळेला दोन लाख द्या’ असे दवाखान्याच्या खाटेवरून मुलाला सांगितलेले शब्द श्राद्धापर्यंत टिकतात, वाटणीपर्यंत टिकतीलच असे नाही. मृत्युपत्र करायला आपण कचरतो, कारण ते करणे अभद्र वाटते. प्रत्यक्षात हा सगळ्यांत सोपा दस्त आहे. त्याला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर लिहिले, सही केली आणि भारतीय वारसा अधिनियम, १९२५ प्रमाणे दोन साक्षीदारांनी सह्या केल्या की ते वैध होते. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. बंद लिफाफ्यात घालून ते जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोयही नोंदणी कायद्यात आहे. ज्याला लाभ द्यायचा त्याला साक्षीदार करू नये. प्रकृती ठणठणीत असताना लिहिलेल्या मृत्युपत्रावर वाद कमी होतात. मन बदलले तर ते कितीदाही बदलता येते.

आपण नेमके काय देऊ शकतो, हेही नीट पाहायला हवे. स्वकष्टाची कमाई पूर्णपणे आपली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा हिंदू माणसाला जिवंतपणी परस्पर बक्षीस देता येत नाही, पण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३० प्रमाणे तो मृत्युपत्राने देता येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या मिळकतीत मुलींचाही जन्मतः वाटा आहे, हे धरूनच आपला हिस्सा मोजावा. मुस्लीम कुटुंबांत वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापलीकडे वसीयत करता येत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी. नामनिर्देशनावर विसंबू नये. बँकेत किंवा शेअरांवर ज्याचे नाव ‘नॉमिनी’ म्हणून लावले तो मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसा ताब्यात घेतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि रोख्यांच्या बाबतीत हेच स्पष्ट केले. म्हणून संस्थेचे नाव नॉमिनी म्हणून लावून थांबू नये, ते मृत्युपत्रात लिहावे.

जमिनीच्या दानाला इथे अधिक जपावे लागते. मराठवाड्याला आजही जुन्या हैदराबाद राज्याचा १९५० चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्या संस्थेच्या नावे शेतजमीन करण्यावर बंधने आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर परवानगीवाचून हस्तांतर होत नाही. देवस्थानच्या किंवा खिदमतमाश इनामाच्या जमिनीचे काय होते हे आपण पाहतोच. दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन पिढ्यांनंतर कोणाची, यावर दावे चालतात आणि दिवाबत्ती तेवढी राहून जाते. संस्थेला जमीन द्यायची इच्छा असेल तर आधी फेरफार पाहावेत, मोजणी करून घ्यावी, तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. पुष्कळदा जमीन हयातीत विकून आलेला पैसा देणे संस्थेला अधिक उपयोगी पडते.

पुढचा प्रश्न रकमेचा. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या गुणगौरव समारंभात ‘कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, गणितात प्रथम येणाऱ्यास १०१ रुपये’ अशी पारितोषिके अजून वाचली जातात. ज्या काळी ती ठेव ठेवली त्या काळी त्या पैशांत वर्षाची पुस्तके येत असतील. ठेव तशीच राहिली, किमती वाढल्या. मुदत ठेवीचे व्याज हे सगळे उत्पन्न नसते. वीस लाख रुपयांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४० हजार मिळतात. महागाई ५ टक्के धरली तर मुद्दलाची किंमत टिकवायला त्यांतले १ लाख परत मुद्दलात घालावे लागतात. खर्चायला उरतात ४० हजार. तोच पैसा मुद्दलासकट १५ वर्षांत संपवायचा ठरवला तर दरवर्षी सुमारे २ लाख १९ हजार देता येतात. अखंड चालणारा छोटा निधी हवा की एका पिढीला पुरे घडवणारा मोठा, हे दात्याने ठरवायचे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. न ठरवता गेलेला निधी मात्र बँकेत पडून राहतो.

हेतूही जुना होतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७९० मध्ये निधनसमयी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. होतकरू तरुण कारागिरांना ते कर्जाऊ द्यावेत आणि निधी दोनशे वर्षे वाढवावा, अशी अट होती. १९९० मध्ये बोस्टनचा निधी पन्नास लाख डॉलरच्या आसपास पोहोचला, फिलाडेल्फियाचा वीस लाखांच्या आसपास. पण ज्या उमेदवारी पद्धतीने शिकणाऱ्या कारागिरांसाठी तो होता, ती पद्धत केव्हाच मागे पडली होती. उद्देश इतका घट्ट बांधू नये की पुढच्या काळाला तो पेलता येणार नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले तर त्याच्या जवळचा उपयोग न्यायालय ठरवू शकते. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा दात्यानेच लिहावे: ‘आधी हे, ते शक्य नसेल तर याच्या जवळचे, आणि तो निर्णय अमुक मंडळींनी घ्यावा.’

इथे दाता-सल्ला निधीची कल्पना कामाला येते. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ यांनी १९१४ मध्ये पहिले ‘कम्युनिटी फाउंडेशन’ स्थापन केले. मृत दात्यांच्या कालबाह्य अटींत अडकलेला पैसा शहराच्या आजच्या गरजांसाठी मोकळा व्हावा, हा त्यांचा उद्देश होता. पुढे १९३१ मध्ये न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने दात्याच्या सल्ल्याने चालणारा निधी सुरू केला. भारतात मुंबईचा बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ पासून शहराच्या पातळीवर असे काम करत आहे. पद्धत समजायला सोपी आहे. दाता एका नोंदणीकृत प्रतिष्ठानाला रक्कम कायमची देऊन टाकतो. त्या रकमेचा त्याच्या नावाने किंवा त्याने सुचवलेल्या नावाने स्वतंत्र हिशेब राहतो. गुंतवणूक, संस्थांची पडताळणी, लेखापरीक्षण, पावत्या हे सारे प्रतिष्ठान पाहते. यंदा मुखेडच्या वसतिगृहाला द्या, पुढच्या वर्षी अहमदपूरच्या वाचनालयाला द्या, असा सल्ला दाता देतो. त्याच्यामागे हा सल्ला कोणी द्यायचा, मुलगी, नातू की एखादा विश्वासू विद्यार्थी, हेही तो लिहून ठेवू शकतो. मृत्युपत्रात मग ‘माझ्या ठेवींचा दहावा हिस्सा अमुक प्रतिष्ठानातील माझ्या निधीत जमा करावा’ एवढी एक ओळ पुरते. स्वतःचा वेगळा ट्रस्ट काढून विश्वस्त शोधणे, बदल अहवाल देणे, दरवर्षी हिशेब तपासून घेणे, हा भार कुटुंबावर पडत नाही.

दोन गोष्टी मात्र डोळे उघडे ठेवून समजून घ्याव्यात. पहिली, सल्ला म्हणजे आदेश नव्हे. दिलेला पैसा कायद्याने प्रतिष्ठानाचा होतो आणि अंतिम निर्णय विश्वस्तांचा असतो. म्हणून विश्वस्त कोण, हिशेब जाहीर होतात का, खर्च किती कापतात, संस्था बंद पडली तर निधी कुठे जाईल, हे आधी विचारावे. दुसरी, भारतात अशा निधीसाठी वेगळा कायदा नाही. सार्वजनिक न्यास, प्राप्तिकर आणि परकीय योगदान यांचे सर्वसाधारण नियमच त्याला लागतात. पैसा वर्षानुवर्षे पडून राहू नये म्हणून दरवर्षी किमान किती वाटायचे, हे करारातच लिहून घ्यावे.

करसवलतीचे तर थोडक्यात सांगून पुढे जाऊ. संस्थेला ८०जी ची मान्यता असेल तर जुन्या कररचनेत दात्याला वजावट मिळते. नव्या रचनेत मिळत नाही. २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर वजावट नाही. १९८५ मध्ये मृत्यूनंतरचा इस्टेट कर रद्द झाला, त्यामुळे मृत्युपत्राने दिल्यास कर वाचतो, हा हिशेब आपल्याकडे उरलेला नाही. हयातीत दिल्यास वाचू शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलांना गावासाठी पाठवायचे असेल तर घेणाऱ्या संस्थेकडे परकीय योगदानाची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून तो थेट काम करणाऱ्या संस्थेलाच द्यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने परदेशातल्या पगारातून पाठवलेला पैसा मात्र परकीय योगदान ठरत नाही.

मृत्युपत्रात काय लिहायचे हे उमगण्याचा सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे हयातीत थोडे देऊन पाहणे. महाराष्ट्राला याची उत्तम उदाहरणे माहीत आहेत. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातून दिलेल्या एक लाख रुपयांच्या आधाराने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, आणि ते काम त्यांनी स्वतः वाढताना पाहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि बाबा आढाव यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला सामाजिक कृतज्ञता निधी पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देत आला. त्यासाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग केले. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन करून इथल्या सामाजिक कामांशी आणि साहित्याशी नाते जोडले. अनेकांचे देणे एकत्र करून ते जाणत्या मंडळींच्या हाती सोपवणे, ही पद्धत आपल्याला परकी नाही. नांदेड-लातूरच्या पातळीवर, इथल्या गरजा ओळखणाऱ्या माणसांकडून ती व्हायला हवी.

गरजा समोरच आहेत. ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींना परवडणारी खोली आणि जेवण हवे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला तळी आणि विहिरी यांची कायमची देखभाल हवी. कंधार, लोहा, मुखेडच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामात गावातच राहण्याची सोय हवी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या मुलीला दहावीनंतरची पाच वर्षे हवी आहेत. यांतली एकही गरज एका वर्षाच्या देणगीने भागत नाही. दात्याच्या आयुष्यापलीकडे चालणारा पैसा आणि तो चालवणारी व्यवस्थाच ती भागवू शकते.

पुढच्या पानांत मृत्युपत्राचा मसुदा, संस्था पारखण्याचे प्रश्न, निधी-कराराची कलमे आणि कुटुंबाशी बोलण्याची तयारी असा क्रम ठेवला आहे. वकील आणि सनदी लेखापाल यांचा सल्ला त्याच्या जोडीला घ्यावाच, कारण नियम बदलत असतात. वाचकांना माझी विनंती एवढीच की पुस्तिका एकट्याने वाचून कपाटात ठेवू नये. दिवाळीला मुले घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोर बसून बोलावे: तुमचे तुम्हाला किती, गावाचे गावाला किती, आणि गावाचा वाटा कोणत्या कामाला. आईवडिलांच्या तोंडून ऐकलेला निर्णय मुले पाळतात, कित्येकदा त्यात स्वतःची भरही घालतात. नंतर वकिलाच्या टेबलावर सापडलेला तोच निर्णय त्यांना आपल्यावरचा अविश्वास वाटतो. दहावा हिस्सा असो, विसावा असो की एका वर्षाची पेन्शन असो, रक्कम आपापल्या ऐपतीने ठरवावी. पण या वर्षी ठरवावी, लिहावी, आणि ज्यांच्या हाती सोपवायची त्यांना त्यातला पहिला हप्ता आपल्याच हाताने द्यावा.